जखम भरेपर्यंत

माझ्या वडिलांच्या जांघेतली जखम हा आमच्या इमारतीचा सार्वजनिक प्रश्न व्हावा, अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवतो. इमारतीच्या खालच्या फळ्यावर ब्रशने सुविचार लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात आणि मीही कधी नाही म्हटलेलं नाही. अशा माणसाला लिफ्टमध्ये, दोन शेजारणी आणि एका पार्सलवाल्यासमोर, "क्वाँग सर, वडिलांचं तिथलं पाणी थांबलं का?" असं विचारलं, तर त्याने कुठे बघावं? मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघायचो.

बाबांना हर्निया होता. ऑपरेशन साधं होतं, निदान सर्जनच्या दृष्टीने. बाबा एकटे राहतात, ग्वांगझौच्या पार दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीनच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीत, सहाव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशिवाय बोलणारा फक्त रेडिओ आहे. टाके घातलेल्या जांघेने सहा जिने चढवणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. आमच्याकडे म्हणजे दोन खोल्या आणि बैठक. बाबांना आमच्या मुलीची, होई-यिंगची खोली दिली आणि होई-यिंग पुस्तकांसकट सोफ्यावर आली. जूनमध्ये तिची कॉलेज प्रवेशाची परीक्षा होती. त्या परीक्षेवर माणसाचं उरलेलं आयुष्य ठरतं असं आमच्याकडे मानतात, आणि माझ्याकडे बघून ते खरंही वाटतं.

माझी बायको मेइकुएन स्वभावाने वाईट नाही. ती दारात एवढंच म्हणाली, "जखम भरेपर्यंतच ना?"

"जखम भरेपर्यंत," मी म्हणालो.

बाबा वाकून बूट काढत होते. तेही म्हणाले, "जखम भरली की मी चाललो. पोरीची परीक्षा आहे." असं तिघांचं एकमत झालं. आमच्या घरात असा प्रसंग क्वचितच येतो.

आणि मग जखम भरेना. टाक्यांच्या एका टोकाला पाणी यायचं, थांबायचं, परत यायचं. सर्जन म्हणाला, "वय झालंय, वेळ लागणार. ड्रेसिंग करत राहा आणि चांगलं खायला घाला." चांगलं म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चांगलं म्हणजे सूप, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

वरच्या मजल्यावरच्या फाँग काकू त्याच संध्याकाळी हजर झाल्या. फाँग काकू आमच्या रहिवासी समितीच्या प्रमुख आहेत आणि त्यांना न विचारता इमारतीत कोणी शिंकत नाही. त्यांनी चहा घेतला, जखम बघायला मागितली, बाबांनी चादर छातीपर्यंत ओढली, तेव्हा नाइलाजाने त्या उपायाकडे वळल्या.

"मरळ," त्या म्हणाल्या. "काळी मरळ. चिखलात कापली तरी जोडली जाते, अशी जात आहे ती. पण जिवंत हवी हं, सर. मेलेल्या मरळीचं सूप म्हणजे नुसतं धुवण."

मी जिवंत मरळ आणली. मरळ नावाच्या माशाला जगण्याची इतकी हौस असते हे मला भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं. लिफ्टमध्ये तिने पिशवी फाडली आणि ती फाँग काकूंच्याच नव्या कापडी बुटांवर जाऊन पडली. मी भर लिफ्टमध्ये गुडघ्यांवर बसून काकूंच्या पायांशी झटापट करत होतो, आणि दार ज्या मजल्यावर उघडलं तिथे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील उभे होते. "नमस्कार सर," ते म्हणाले. मी खालूनच नमस्कार केला.

सूप मात्र झकास झालं. चार तास मंद आचेवर ठेवून सगळा कस पाण्यात उतरवला. आमच्याकडे सुपाचा कायदा साधा आहे: सत्त्व सगळं पाण्यात येतं, मागे राहतो तो चोथा. पाणी आजाऱ्याला द्यायचं आणि चोथ्याचं घरातल्या धडधाकट माणसाने बघून घ्यायचं. धडधाकट माणूस मी. बाबा कण्हत पाणी पीत आणि मी सोया सॉस लावून मासा संपवी. मरळीनंतर कबूतर आलं, कारण सातव्या मजल्यावरच्या निवृत्त हिशेबनिसांच्या मते एक कबूतर नऊ कोंबड्यांच्या बरोबरीचं असतं. पाणी बाबांना, कबूतर मला. पंधरवड्यात माझी पँट कमरेला बसेना. मी ती त्यागाची खूण समजलो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखी माणूस असतो. पण काय द्यावं हे ठरल्यावर लोक काय देऊ नये याकडे वळले. काही पदार्थ 'उठवणारे' असतात. आत निजलेल्या दुखण्याला ते उठवून बसवतात आणि भरत आलेली जखम चिघळवतात. हंस, कोंबडा, कोळंबी, खारवलेला मासा, बांबूचे कोंब, बकरं, यांवर सगळ्या मजल्यांचं एकमत होतं. हिशेबनिसांनी गाय वाढवली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अंडं वाढवलं. फाँग काकूंनी सोया सॉसही बंद करायला लावला, का तर व्रण काळा पडतो.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या जांघेतला व्रण काळा की गोरा, हे बघणार कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"बघायचा प्रश्न नाही, काका," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "शिस्तीचा आहे."

असं करत करत बाबांच्या ताटात भाताची पेज आणि वेगवेगळ्या प्राण्यांचं पाणी एवढंच उरलं. बाबा सुकत चालले. जखम ओलीच राहिली. मेइकुएन रोज काही बोलत नसे, ती फक्त सोफ्यावर दिवा झाकून झोपलेल्या होई-यिंगकडे आणि मग माझ्याकडे बघे. त्या बघण्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

शेवटी मी बाबांना आमच्या जुन्या चिनी पद्धतीच्या वैद्याकडे, डॉक्टर ताम यांच्याकडे न्यायचं ठरवलं. त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा तर हल्ली तो फोनवरूनच लावावा लागतो, आणि त्यासाठी रुग्णाने फोनकडे बघून आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं असतं. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. बाबांनी मिचकावले. फोन म्हणाला, मान डावीकडे करा. बाबांनी केली. फोन म्हणाला, ही व्यक्ती ती नाही. आम्ही उजेडात करून बघितलं, चष्मा काढून, चष्मा लावून. होई-यिंगने गणित सोडून मदत केली. ही व्यक्ती ती नाही. मग मी बाबांना घेऊन दवाखान्याच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईने कार्डावरचा फोटो बघितला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "काका फार वाळलेत. मशीनचं काही चुकत नाहीये."

बाबा हसले. "मलाही सकाळी आरशात असाच संशय येतो," ते म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. घरी आल्यावर मी तो फोटो परत बघितला. त्यात आई जिवंत असतानाचे बाबा होते, गाल भरलेले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी चिडचिड होते. त्या दिवशी मी विनाकारण मेइकुएनवर डाफरलो.

डॉक्टर ताम यांनी दोन्ही मनगटांची नाडी बघितली, जीभ बघितली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रक्तही कमी, जोरही कमी. जखमेने भरायचं ठरवलं तरी भरणार कशाने?" मग मुळं, साली, लाल खजूर आणि ज्येष्ठमध अशी मोठी पुडकी बांधून दिली. दवाखान्यात मशीनवर काढा उकळून, पाकिटात बंद करून देतात. शहाणी माणसं तेच घेतात. पण बाबा म्हणाले, "मशीनचा काढा? त्याला विस्तव माहीत तरी आहे का?" आयुष्यभर मशीनच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाने असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. पण बाबांनी काही मागण्याची ती पहिलीच खेप होती. "मी उकळतो घरी," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काढ्याला मातीचं भांडं लागतं. पहिलं भांडं आमच्या विजेच्या शेगडीने ओळखलंच नाही, दुसरं गॅसवर दुपारी तडकलं आणि काळं पाणी ओट्यावरून खालच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांत उतरलं. तिसरं टिकलं. पण वास! आधी पडद्यांना लागला, मग उशांना, मग होई-यिंगच्या सराव परीक्षेच्या पेपरांना. "बाईंनी विचारलं, तुझ्या घरी कुणी आजारी आहे का," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाही, आमच्याकडे भूगोल उकळतात." इमारतीच्या फोनवरच्या गटात कुणीतरी लिहिलं की बाराव्या मजल्यावर उंदीर मेला असावा. बाराव्या मजल्यावर आम्हीच राहतो.

आणि काढा प्याल्यावर चोथा उरतो. हा चोथा कचऱ्यात टाकायचा नसतो. तो रस्त्यावर ओतायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांना लागून दुखणं बाहेरच्या बाहेर निघून जातं. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण जखम भरत नव्हती. मी पहाटे खाली उतरून चौकात चोथा ओतला आणि इकडेतिकडे बघत परत आलो.

इकडेतिकडे बघितलं, वर बघितलं नाही. वर कॅमेरा होता. दुपारपर्यंत माझं चित्र गटात आलं: पायजमा, हातात भांडं, चेहऱ्यावर चोराचे भाव. दुर्दैवाने मागे आमचा फळाही दिसत होता आणि त्यावर माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'रस्ता म्हणजे आपल्या मनाचा आरसा.' फाँग काकू स्वतः आल्या. "सर, मलासुद्धा ओतावासा वाटतो," त्या म्हणाल्या, "पण आपली इमारत यंदा स्वच्छतेच्या स्पर्धेत आहे." शिक्षा म्हणून मी रविवारी नारिंगी जाकीट घालून चौक झाडला आणि स्वयंसेवक म्हणून माझा फोटो काढण्यात आला. शाळेत मुलांनी तो बघितला. पुढचा आठवडाभर मी फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

पण फळ मिळालं, असं मला वाटलं. त्याच सुमाराला बाबा रोज दुपारी फिरायला जाऊ लागले. "सर्जन म्हणाला होता, चाललं पाहिजे," ते म्हणाले. तासाभराने परत येत, थोडे घामेजलेले. संध्याकाळी पेज नको म्हणत, पण काढा निमूटपणे पीत. आणि हळूहळू ड्रेसिंग कोरडं निघायला लागलं. गालांवर रंग आला. मेइकुएनने पहिल्यांदा माझं कौतुक केलं, "तुझ्या त्या घाणीचा गुण आला म्हणायचा." फाँग काकूंनी श्रेय मरळीला दिलं, हिशेबनिसांनी कबुतराला. मी सगळ्यांना नम्रपणे हसून दाखवलं, कारण खरं श्रेय कोणाचं ते मला माहीत होतं.

एकट्या बाबांचा चेहरा तेवढा उतरत चालला होता. ड्रेसिंग करताना ते हातआरसा धरून जखम न्याहाळत.

"भरतेय का रे, आ-चुंग?"

"मस्त भरतेय, बाबा."

"हं," ते म्हणत आणि आरसा पालथा ठेवत. म्हातारी माणसं आनंद दाखवत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावला.

शेवटच्या तपासणीला सर्जन खूश झाला. "सुंदर. मागच्या वेळी यांच्या रक्तात प्रथिनं इतकी कमी होती की मला धाकधूक होती. काय दिलंत खायला?"

मी खुर्चीत सरसावून बसलो आणि मरळीपासून सुरुवात केली.

"म्हणजे मासा खाल्ला त्यांनी?"

"पाणी प्यायले माशाचं."

"आणि मासा?"

"मासा मी," मी म्हणालो.

"कबूतर?"

मी शर्ट पोटावरून खाली ओढला. सर्जनने माझ्या पोटाकडे बघितलं, जरा जास्त वेळ. "अहो, पाण्यात काय असतं? तुम्ही महिनाभर यांना उपाशी ठेवलंत आणि स्वतः बाळंतपण करून घेतलंत. पण आता भरलीय म्हणजे यांनी दुसरीकडे कुठेतरी नीट खाल्लेलं दिसतंय." बाबा भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे बघत होते, कधी न बघितल्यासारखं.

कुठे खाल्लं ते परतताना कळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आ-सुंगचं भाजलेल्या मांसाचं दुकान आहे. काचेमागे हंस टांगलेले असतात. आ-सुंगने लांबूनच हाक मारली, "काका, तंगडी ठेवलीय. आज कोळंबीपण आहे."

बाबा म्हणाले, "आज नको." आणि भराभर पुढे गेले. जखम असलेला माणूस इतका भराभर चालत नाही.

मी थांबलो. "रोज येतात?"

"रोज. मागच्या स्टुलावर बसतात," आ-सुंग सुरी पुसत म्हणाला. "मी म्हटलं, काका, जखम ओली असताना हंस? ही तर सगळ्यात उठवणारी वस्तू. तर म्हणाले, म्हणूनच दे. आणि कोळंबी घाल वर. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हटलं, बरे व्हा, मग घरी जाऊन पोटभर खा. तर म्हणाले, घरी गेलो की कुठला हंस, तिकडे मिळत नाही."

बाबांच्या वसाहतीच्या दारातच हंसाचं दुकान आहे. माझ्या लहानपणापासून आहे. मी तिथे उभाच राहिलो. पहिल्यांदा मला राग आला, अगदी मनापासून. मी माशाशी झुंजलो, चौक झाडला, माझी अब्रू गटात फिरली, आणि हा माणूस रोज दुपारी मागच्या स्टुलावर बसून जखम चिघळवायचा प्रयत्न करत होता. मग तो राग ज्या जागी होता तिथे दुसरंच काही येऊन बसलं. त्यांना आमच्याकडे राहायचं होतं. एवढंच होतं. राहू का, असं विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि राहा, असं म्हणायची आमची. आणि ज्या हंसाच्या भरवशावर ते होते त्यानेच त्यांना बरं केलं.

घरी पोचलो तर बाबा पिशवी भरत होते. शर्टाच्या घड्या त्यांनी कारखान्यातल्या माणसासारख्या काटकोनात घातल्या होत्या. मेइकुएन म्हणाली, "आजच कशाला, बाबा? रविवारी जा." तिने मनापासून म्हटलं, पण 'जा' म्हटलं. होई-यिंगने आपला नवा पेन त्यांच्या खिशाला लावला. मी हंसाबद्दल बोललो नाही.

बसमध्येही बोललो नाही. भूगोलाच्या मास्तरला शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांगण्यासारखं पुष्कळ असतं. त्या दिवशी मला एकही वाक्य सुचलं नाही. सहा जिने बाबा माझ्यापुढे, सरळ, कठड्याला हात न लावता चढले. मीच धापा टाकत होतो. दार उघडलं. बंद घराचा वास आला. बाबांनी रेडिओ लावला, आणि आम्ही दोघं त्याचं ऐकतोय असं दाखवत बसलो.

"सर्जनने डावी बाजूपण दाबून बघितली," बाबा थोड्या वेळाने म्हणाले.

"मला नाही दिसलं."

"तू फोनवर होतास. म्हणाला, तीही पातळ झालीय. जड उचललं तर तिकडूनही हर्निया उतरेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा जूनमध्ये संपते ना पोरीची?"

"हो."

"हं," म्हणून ते चहा ठेवायला आत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. दुसराच आवाज येत होता, काहीतरी सरकल्यासारखा, मग धप्प. परत सरकल्यासारखा. मी उठून बघितलं. बाबा तांदळाचं पोतं दोन्ही हातांनी उचलत होते, खाली ठेवत होते, जरा श्वास घेऊन परत उचलत होते. चेहरा लाल झाला होता. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

मी पोतं त्यांच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. ते ओशाळले नाहीत. आवरत होतो, असा हात फक्त हवेत फिरवला. मी बाहेर जिन्यात आलो आणि मेइकुएनला फोन लावला.

"जखम परत उघडली," मी म्हणालो.

आमच्या घरातला पंखा मला इकडे ऐकू येत होता. सकाळी सर्जन काय म्हणाला ते मी तिला शब्दशः सांगितलं होतं.

"फार?" तिने विचारलं.

"फार."

परत पंखा. "मग आण त्यांना," ती म्हणाली. "होई-यिंगचं बघू काहीतरी. पण चुंग, या वेळी त्यांना खरं सांग. जखमेचा संबंध नाही म्हणावं. नुसतं राहा म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो, आणि मला खरंच सांगायचं होतं. आत गेलो. बाबा गॅसपाशी उभे होते, कप मांडून. इतक्या वर्षांत आम्ही बापलेक एकमेकांना 'जेवलास का' यापलीकडे काही बोललेलो नाही, आणि त्यापलीकडच्या वाक्याची सुरुवात कुठून करतात ते मला ठाऊक नव्हतं.

"बाबा, बूट घाला," मी म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं. "डॉक्टरांना परत बघायचीय का जखम?"

राहा, एवढाच शब्द होता. तो जिभेपर्यंत आला होता.

"हो," मी म्हणालो.

बाबांनी गॅस बंद केला, बूट घातले, पिशवी माझ्याकडे दिली. आणि सहा मजले ताठ चढून आलेले माझे वडील, एक हात जांघेवर दाबून धरून, एकेक पायरी लंगडत, जिना उतरायला लागले.